माळात काठी किती गेली

बाबांच्या काठीला खाली लोखंडी टोक होतं. शीळफाट्याच्या लोहाराकडून त्यांनी ते मुद्दाम बसवून घेतलं होतं. ती काठी चालण्यासाठी नव्हती. पहिला झटका येईपर्यंत त्यांचे पाय माझ्यापेक्षा ठणठणीत होते. काठी माळासाठी होती. सकाळचं दूध काढून झालं की ते घरामागच्या बेड्यापाशी जायचे. बेडं म्हणजे आमच्याकडचं फाटक, दोन खांबांत अडकवलेले आडवे बांबू. बेड्यातून दहा पावलं आत जायचं, काठी उभी धरायची, एका हाताने दाबायची, उपसायची आणि टोकाला माती कुठवर लागली ते बोटांनी मोजायचं. दोन बोटं, चार बोटं, वीत. मग ती मोजणी घरात येऊन सांगायची. कोणी विचारलेलं नसायचं तरी सांगायची.

लहानपणी मला त्यांचं हे फार हसू यायचं. आई होती तेव्हा तीही हसायची. कोणी पोटाला हात लावून पाहतं, कोणी कपाळाला. आमचे बाबा माळाला काठी टोचून बघायचे.

आमचं गाव कल्याण-शीळ रस्त्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी आहे. वर चढावर आमचा चार एकरांचा माळ, त्याच्याखाली घर आणि गोठा, आणि घराच्या खाली भाताची खाचरं. माळावरून निघालेला एक चर आमच्या पडवीला घासून खाली खाचरांत जायचा. माळाची माती तांबडी, खाचराची काळी. हे सगळं सांगून ठेवते, कारण पुढे यातलं प्रत्येक माझ्यावर उलटलं.

म्हशी सात होत्या. दूध डोंबिवलीला जायचं. माळावर पवना आणि मारवेल गवत यायचं, कमरेइतकं. त्या गवतावर म्हशी, म्हशींवर घर. पण पाऊस लागला की बाबा बेडं बांधून टाकत, ते दसऱ्यापर्यंत. चार महिने माळावर एक खूर पडता कामा नये. म्हशी गोठ्याशेजारच्या वाडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, उभ्या राहायच्या आणि गवत कापून, डोक्यावर वाहून त्यांच्या पुढ्यात टाकायचं. वाडग्यात चिखल इतका व्हायचा की आतून बाहेर येताना पाय हाताने उपसायला लागायचा. येणारा-जाणारा नावं ठेवायचा. बाबांचं उत्तर ठरलेलं.

"येक जागा मारायची, बाकीची जगवायची."

हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं होतं. ऐकणं आणि डोक्यात शिरणं यांत माझ्या बाबतीत नेहमीच बरंच अंतर राहिलं आहे.

ऐंशी सालानंतरची गोष्ट. माझं लग्न मोडलं होतं आणि मी माहेरी परत आले होते. वय तिशीच्या आसपास. गावात लोक काय बोलायचे ते मला ठाऊक होतं, आणि मी कामाने त्यांची तोंडं बंद करणार होते. मला कोणाचं ऐकायची सवय नव्हती, हेही खरं. दादा, माझा मोठा भाऊ, डोंबिवलीत कंपनीत कामाला होता, तिसऱ्या मजल्यावर ब्लॉक घेऊन वहिनीबरोबर राहायचा. घरी बाबा आणि मी. त्या चैत्रात बाबांना झटका आला आणि उजवी बाजू गेली. तोंड वाकडं झालं, शब्द मोजकेच राहिले. पडवीत खाट टाकली, चराच्या बाजूला तोंड करून. माळ त्यांच्या पाठीमागे होता, घराच्या पलीकडे. दिसायचा नाही.

दादा आठ दिवस रजा काढून राहिला आणि गेला. गवत कापायला दरवर्षी येणाऱ्या वाडीतल्या दोन बायका त्या वर्षी डोंबिवलीत इमारतींच्या कामावर गेल्या. पाऊस लागला. सात म्हशींचं गवत एकटीने कापायचं, भिजलेला भारा डोक्यावर घ्यायचा, निसरड्या उतारावरून खाली यायचं, टाकायचं, परत जायचं. पंधरा दिवस मी ते केलं. सोळाव्या दिवशी मान वळेना. वाडग्यात म्हशींची कासं चिखलाने माखलेली, एकीच्या खुराला जखम, आणि दूध घ्यायला आलेला माणूस नाकाला रुमाल लावून उभा. मला त्या चिखलाची लाज वाटली. वर हिरवागार माळ आणि खाली जनावरं चिखलात उपाशी, हा कुठला शहाणपणा?

मी जाऊन बेड्याचे बांबू काढले.

म्हशी आत शिरल्या, माना खाली घातल्या, आणि गवत तोडल्याचा तो चर्र चर्र आवाज सुरू झाला. त्या वेळी मला किती बरं वाटलं हे सांगायला आज लाज वाटते. मी पावसात उभी राहून रडले होते, सुटकेने.

आणि मी हुशारीही केली. दोन दिवसांत बेड्याजवळ चिखल झाला, तेव्हा मी ठरवलं की रोज जागा बदलायची. आज वरची बाजू, उद्या आंब्याखाली, परवा चराकडची. एकाच ठिकाणी नुकसान नको म्हणून मी ते चारही एकरांवर नीट सारखं वाटलं. एक कोपरा सोडला नाही.

बाबा संध्याकाळी विचारायचे, "काठी?"

मी सांगायचे, "वीतभर."

तेव्हा मी खोटं बोलत नव्हते. चिखलच होता, त्यात काठी वीतभर काय, हातभर गेली असती. बाबा "बरं" म्हणायचे आणि डोळे मिटायचे.

कार्तिकात भात कापून झालं आणि खळं करायची वेळ आली. आमच्याकडे खळं शेतातच करतात. जागा निवडायची, पाणी मारून ती भिजवायची, आणि त्या ओल्या मातीवर बैल गोल गोल फिरवायचे. खुरांनी माती खाली खाली बसते. मग लाकडी चोपण्याने चोपायची, शेणाने सारवायची. दोन दिवसांत अशी जमीन तयार होते की वर सांडलेला एकेक दाणा वेचून घ्यावा. पाणी ओतलं तर ते तसंच वरून वाहून जातं, आत शिरत नाही. मी हे काम सात-आठ वर्षांची असल्यापासून करत आलेली. गावात माझ्याइतकं घट्ट खळं कोणी करत नाही, असं बायकाही म्हणायच्या, आणि त्या माझं सहसा चांगलं बोलत नसत.

शेजाऱ्याचे बैल आणले होते. मी मध्ये उभी राहून ते फिरवत होते आणि खाली बघत होते. ओल्या मातीत खूर पडतो, पाणी वर येतं, दुसरा खूर पहिल्यावर पडतो, खळगा बुजतो, माती चपटी होते. पुन्हा खूर, पुन्हा पाणी. हे मी अलीकडेच कुठेतरी बघितलंय, असं मनात आलं. कुठे बघितलं, ते आठवायला एक क्षणही लागला नाही.

हातातलं चोपणं तिथेच टाकून मी धावत वर गेले. शेजारी मागून ओरडत होता, बैल खळं सोडून भाताच्या भाऱ्यांकडे निघाले होते. मी घरातून बाबांची काठी घेतली, बेड्यातून आत गेले आणि काठी दाबली. टक् असा आवाज झाला. दुसरीकडे दाबली. टक्. दोन्ही हातांनी, अंगाचा भार टाकून दाबली. टोकाने मातीवर नुसता ओरखडा उठला. आंब्याखाली, वरच्या बाजूला, चराकडे, जिथे जिथे मी मोठ्या अकलेने म्हशी फिरवल्या होत्या तिथे तिथे तोच आवाज. चार एकरांचं खळं. असलं घट्ट खळं मीसुद्धा आयुष्यात केलं नव्हतं.

मी तिथे बसले आणि तोंडात पदर कोंबून रडले, कारण खाली पडवीत बाबा होते.

संध्याकाळी त्यांनी विचारलं, "काठी?"

"वीतभर," मी म्हणाले.

हे पहिलं खोटं. त्या दिवसापासून मला जगात एकच गोष्ट हवी होती. बाबा आहेत तोवर माळ पुन्हा नरम व्हावा, काठी खरोखर वीतभर जावी, आणि ते मी त्यांना येऊन सांगावं. मग आधीचं सगळं खोटं आपोआप फिटेल, असं मी मनाशी धरलं होतं.

पुढच्या वैशाखात मी ट्रॅक्टर बोलावला. घट्ट झालंय ना, मग नांगरून टाकू. ड्रायव्हर माळ बघून म्हणाला, "ताई, हा तर रोड आहे." फाळ वर घसरत राहिला. मग त्याने जोर लावला तेव्हा टोपलीएवढाली ढेकळं निघाली, मुळांसकट. जे थोडं गवत धरून होतं तेही उलटलं. त्यातच वळवाचा पाऊस आला. ट्रॅक्टर अर्ध्यात सापडला, चाकं फिरवत, घसरत, चिखल उडवत कसाबसा बाहेर पडला आणि जाताना उतारावर दोन खोल चाकोऱ्या पाडून गेला. मी त्याला शिव्या घातल्या. त्याचा काही दोष नव्हता, पण मला कोणाला तरी शिव्या घालायच्याच होत्या.

पाऊस लागला आणि मी बेडं बांधून बसले, पण आता काय उपयोग? पाणी माळावर पडायचं, जरा थांबायचं आणि सगळंच्या सगळं खाली धावत सुटायचं. चाकोऱ्यांतून, चरातून, पडवीला घासून. पूर्वी त्या चराला श्रावणात कुठे पाणी दिसायचं, तेही बारीक आणि नितळ. आता पहिल्या सरीलाच तो घोंघावत, तांबडा लाल वाहायचा. बाबांच्या खाटेपासून चार हातांवर. मी पाण्याकडे बघायचे, बाबांकडे बघायचे नाही. गवताच्या जागी टाकळा उगवला. टाकळ्याला जनावर तोंड लावत नाही. बांधावरचं, रस्त्याकडचं, ओढ्यातलं जे मिळेल ते कापून मी म्हशी जगवत होते. दूध आटत चाललं. म्हशींच्या बरगड्या दिसायला लागल्या, आणि म्हशीची बरगडी दिसणं म्हणजे काय ते ज्याने म्हशी पाळल्यात त्यालाच कळेल.

दादा महिन्यातून एकदा यायचा. एकदा माळ फिरून आला आणि चपलेची माती झटकत म्हणाला, "अगं, आता इथे काही होणार नाही. वीटभट्टी टाकू. त्या मोहने गावाकडे बघ, सगळे तेच करतायत. माती आयती बसलेली आहे."

"दादा, तू माळावर भट्टी टाकलीस तर मी त्या भट्टीत बसेन."

"नौटंकी करू नकोस. बाबांना कधी सांगणार आहेस?"

"नाही सांगणार. गवत आल्यावर सांगेन."

"येणार कुठून गवत?"

गावातल्या एका म्हाताऱ्याने मात्र एक सांगितलं. नांगर घालू नको, म्हणाला, पहार घाल. पहारीने भोकं पाड, त्यात पालापाचोळा आणि वाळलेलं शेण भर, वर ताग टाक. तागाचं मूळ खाली जातं, ते मातीला फाडतं. पाण्याला आत शिरायला वाट दिली की पुढचं काम पाणी करेल. "किती वर्षं लागतील?" मी विचारलं. "माळाला इचार," असं म्हणून तो हसला.

मी पहार घेतली. हातभर अंतरावर एक भोक. चार एकर. ज्याला हिशेब येतो त्याने ही भोकं किती होतात ते मोजू नये, मी मोजली नाहीत. पहाटे म्हशींचं, मग बाबांचं, मग पहार. पहिल्या घावाला पहार उडून हाताला झिणझिण्या यायच्या. दहाव्या-बाराव्या घावाला बोट-दोन बोटं आत जायची. तळहात फुटले, बरे झाले, पुन्हा फुटले. कधी कधी मी पहार टाकून द्यायचे आणि माळाला मोठमोठ्याने बोलायचे. मर म्हणायचे. मग उठून पुन्हा पहार घ्यायचे. रागाने काम होतं माझ्याकडून. प्रेमाने केलं असतं तर पहिल्याच दिवशी सोडलं असतं.

श्रावणातली गोष्ट. बाबांची जीभ तोवर बरीच सुटली होती. मी "वीतभर" म्हणाले तर म्हणाले, "दाव."

"काय दाव?"

"काठी दाव."

मी काठी घेऊन मागच्या दाराने बाहेर पडले. माळाकडे जाऊन उपयोग नव्हता. मी खाली खाचराकडे पळाले, भात नुकतं लावलेलं होतं, बांधावर उभं राहून काठी त्या लोण्यासारख्या चिखलात खुपसली आणि वीतभर माखवून आणली. बाबांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने ती माती चाचपली, अंगठ्याकडे पाहिलं.

"बरं," ते म्हणाले.

मग रोजचंच झालं ते. त्यांनी "दाव" म्हणायच्या आधीच मी काठी माखून आणायचे.

त्याच्या पुढच्या वर्षीच्या दसऱ्याला दादा आणि वहिनी आले. दसऱ्याला आमच्याकडे बेडं उघडायची रीत होती. बाबा पहिली मूठ गवत कापायचे, बेड्याला झेंडूची माळ लागायची आणि म्हशी आत सोडायच्या. दादा म्हणाला होता की यंदा शेवटचं बघू, नाही तर भट्टीवाल्याला हो म्हणून टाकतो. सकाळी बाबा एकदम म्हणाले, "मना वर न्या."

मी नको नको म्हणत राहिले. ऊन आहे, चढ आहे, खुर्ची घसरेल. दादाने आणि शेजाऱ्याने त्यांना लाकडी खुर्चीत बसवून उचललं आणि बेड्यापर्यंत नेलं. त्यांच्या मांडीवर काठी होती. बांबू बाजूला केले. समोर टाकळा, मधे मधे उघडी लाल जमीन, माझ्या भोकांच्या रांगा, आणि त्या भोकांत कुठे कुठे तागाचे बारके दांडे. अडीच वर्षांनी ते माळ बघत होते.

त्यांनी डाव्या हाताने काठी दाबली. खुर्चीतून वाकून, दात आवळून दाबली. उपसली. अर्धं बोट.

मग बाबा दादाकडे बघून म्हणाले, "दोन साल झाली, मना वीतभर सांगतंय ती. खाचराची काली माती लावून काठी आनतंय." आणि माझ्याकडे वळून, "माल तांबडा हाय न गो आपला?"

मी जमिनीत गेले. आणि मग, मला आठवतं, शरमेच्या मागोमाग रागच आला.

"माहीत होतं तर बोलला का नाहीस? दोन वर्षं मी इथे हात फोडून घेते आहे, आणि तू खाटेवर पडून मजा बघत होतास?"

"चरात लाल पानी जातंय. मना दिसतंय न पडवीतशी. बोलून काय, माल नरम झाला असता?" ते पुढे म्हणाले, "आनि तू सांगाला येत होतीस. सांज झाली का येत होतीस."

मग त्यांनी निकाल दिला. भट्टी नाही. आणि म्हशीही नाहीत. सातही देऊन टाकायच्या. बेडं बांधायचं आणि माळ जितकी वर्षं मागेल तितकी द्यायची.

दादा म्हणाला, "म्हशी नाहीत, भट्टी नाही, मग माळ ठेवायचा कशाला?"

"ठेवाचा," बाबा म्हणाले.

मी त्यांचे पाय धरले. दोन तरी ठेव म्हटलं. मी त्यांना गोठ्याबाहेर काढणार नाही, दाव्याला बांधून ठेवेन, बांधावरचं गवत आणून घालेन, एकदाही वर सोडणार नाही. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं मला ऐकायलाच नको होतं.

"दोन म्हशी म्हंजे आठ पाय," ते म्हणाले. "आनि तुजा काय भरवसा?"

म्हशी विठ्ठलवाडीकडच्या एका तबेल्याला गेल्या. टेम्पोला फळी लावली होती. सहा चढल्या. सातवी, खुराला जखम झालेली, ती फळीवर पुढचे पाय ठेवायची आणि मागे घ्यायची, सारखी माझ्याकडे बघायची. शेवटी मीच तिला मागून रेटलं. टेम्पो गेल्यावर मी वाडग्यात गेले. तो चिखल, ज्याची मला लाज वाटली होती, तो वाळून खुरांच्या ठशांसकट दगड झाला होता. एवढीच जागा मारायची होती. एवढीशी.

त्या थंडीत बाबांना दुसरा झटका आला आणि दादाने त्यांना डोंबिवलीला नेलं. जवळ डॉक्टर होते, नेणं भागच होतं. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला जाळी, समोर दुसऱ्या इमारतीची मागची बाजू. तिथे चर नव्हता. पाण्याचा रंग सांगणारं काही नव्हतं. होते फक्त माझे शब्द.

मी गावीच राहिले. दर आठवड्याला बसने डोंबिवलीला जायचे. आधी मी शपथ घेतल्यासारखं खरं सांगायचे. अर्धं बोट. पाऊण बोट. बाबा "बरं" म्हणायचे आणि भिंतीकडे तोंड करायचे. जेवण सुटत चाललं होतं. वहिनी मला दाराशी नेऊन हळूच म्हणाली, "अहो, काहीतरी बरं सांगत जा ना त्यांना. तुम्ही गेल्यावर दोन दिवस तोंडात घास घेत नाहीत."

मग मी वाढवून सांगायला लागले. बोटभर झालं होतं, मी दोन बोटं सांगितलं. दोन झाली तेव्हा चार. ते चार घास जास्त खायचे, निदान वहिनी तसं म्हणायची. एका दिवाळीला त्यांची तब्येत फार बिघडली, मी घाबरले आणि "वीतभर गेली, बाबा" असं सांगून टाकलं. त्या दिवशी माळात काठी तीन बोटं जात होती. बाबा बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. "बरं," म्हणाले. ते त्या दुखण्यातून उठले, आणि पुढचं वर्षभर मी दर आठवड्याला वीतभरच सांगत राहिले. खाली कसं येणार?

इकडे मी पहार मारत होते. जुनी भोकं बुजत आली होती, मधल्या जागेत नवी पाडत होते. आता माझ्याकडे शेण नव्हतं, दुसऱ्यांच्या गोठ्यांतून पाटीभर शेण मागून आणायचे. ज्यांना मी कधी विचारलं नव्हतं त्यांच्या दारात उभी राहायचे. तागाचा पाला पडायचा, कुजायचा. टाकळा मी फुलं येण्याआधी उपटायचे. म्हशी गेल्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात चराचा आवाज कमी झाला. चौथ्यात एकदा धो धो पाऊस पडत होता, दुपारची वेळ, मी पडवीत बसले होते आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. बराच वेळ कळेना काय. मग बघितलं तर चरात बारीक धार होती, आणि ती नितळ होती.

मी पळत वर गेले नाही. माझा धीर झाला नाही. दसऱ्यापर्यंत मी काठीला हात लावला नाही.

दसऱ्याच्या सकाळी बेड्यातून दहा पावलं आत गेले. पवना माझ्या कमरेला लागत होता. काठी उभी धरली आणि एका हाताने, बाबा दाबायचे तशी दाबली. आवाज आला नाही. काठी गेली. मी उपसली आणि बोटांनी मोजली, दोनदा मोजली. वीतभर. वर आणखी एक बोट.

काठी पुसली नाही. माती तशीच ठेवून वर प्लास्टिकची पिशवी बांधली, एक मूठ गवत मुळांसकट उपटून घेतलं आणि बस पकडली. बसमध्ये शेजारी बसलेली बाई म्हणाली, काय हो, काठी का गुंडाळून ठेवलीत? मी तिला सगळं सांगितलं, ओळख ना पाळख. तिने ऐकून घेतलं बिचारीने.

बाबा खाटेवर उशांना टेकून बसले होते. फार लहान झाले होते. डोळ्यांवर पडदा आला होता, पण माणूस ओळखत होते. मी पिशवी सोडली आणि काठी त्यांच्या मांडीवर ठेवली.

"बाबा, वीतभर गेली."

त्यांनी अंगठ्याने माती चाचपली. काठी डोळ्यांजवळ नेली.

"तांबडी हाय," ते म्हणाले.

"हो. माळाचीच आहे."

"बरं."

तोच "बरं". पडवीतला, श्रावणातला, दिवाळीतला. आता पोर तांबडी माती लावायला शिकली, असंच त्यांना वाटत होतं.

"बाबा, खरंच गेली. वीत आणि वर एक बोट. चराचं पाणी नितळ झालंय. हा बघ पवना, हात लाव, मुळं बघ किती लांब आहेत. दादाला विचार, दादाला घेऊन जाते मी आत्ता, तो येऊन सांगेल तुला."

"मी नाय कुटं म्हनलो?" बाबा म्हणाले. त्यांनी गवत हातात घेतलं, वास घेतला आणि माझ्या समाधानासाठी मान हलवली. मग त्यांचा चांगला हात माझ्या फुटक्या तळहातावरून फिरत राहिला. "बरं झालं गो. वीतभर गेली. जेवलीस का तू?"

मी रडत होते. बाबांना ते पश्चात्तापाचं वाटलं असावं, कारण ते हात फिरवतच राहिले, असू दे, असू दे म्हणत. त्यानंतर ते तीन आठवडे होते. मी दर वेळी काठी घेऊन गेले आणि ते दर वेळी बरं म्हणाले.

त्या दसऱ्याच्या दिवशी वहिनी चहा घेऊन आत आली. काठीची माती वाळून फरशीवर पडली होती. तिने कप ठेवला, ओलं फडकं आणलं आणि ती पुसून घेतली.